वाचनाच्या ॲपमध्ये प्रश्नमंजुषा हवी, पण वाचक पळून जाता कामा नये. काय ठेवावं?

अर्धविराम (धागाकर्ता)

मंडळी, मदत हवी आहे. आम्ही तिघं मिळून वाचन आणि अभ्यासाचं एक ॲप करतोय. पुस्तक उघडा, वाचा, खुणा करा, टिपा लिहा, इथवर सगळं सुरळीत. गाडं अडलंय प्रश्नमंजुषेवर. सध्याचा प्रकार असा: धडा संपला की पाच बहुपर्यायी प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, शेवटी गुण. ऐंशी टक्के मिळाले की बिल्ला.

करताना फार भारी वाटलं होतं. ओळखीपाळखीच्यांना वापरायला दिलं तर बहुतेक जण प्रश्नांचं पान दिसताच 'पुढे' दाबून निघून जातात. जे सोडवतात ते पैकीच्या पैकी मिळवतात, आणि पंधरा दिवसांनी त्याच धड्याबद्दल विचारलं की "हो, असं काहीतरी होतं खरं" म्हणतात. बिल्ला राहिला, धडा गेला.

तर प्रश्न कधी विचारायचे, कोणत्या प्रकारचे, आणि चुकल्यावर काय दाखवायचं? वाचक विद्यार्थीही आहेत, हौसेने वाचणारे प्रौढही. 'गेमिफिकेशन (म्हणजे बिल्ले-गुणांचा खेळ) वाढवा' हा सल्ला आधीच मिळालाय, तो सोडून बोला.

उपटसुंभ

गेमिफिकेशन वाढवा.

(राहवलं नाही. वाचतोय, चालू द्या.)

खडूफळा

अर्धविराम, दुखणं तुम्हीच सांगून टाकलंत. धडा संपल्यासंपल्या विचारलं तर सगळंच येतं, कारण ते अजून डोळ्यांसमोर तरळत असतं. तेव्हाचे गुण म्हणजे नजरेची ताजी छाप.

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६चा प्रयोग या कामात असलेल्या प्रत्येकाने वाचावा. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने चारही सत्रांत तो वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत कागद समोर न ठेवता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्क्यांना ७१. आठवड्याने घेतली तर पारडं फिरलं: लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४०. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा कुणाला होता? वाचणाऱ्यांना!

तुमचं ॲप नेमकं त्या पाच मिनिटांवर थांबतं. प्रश्न पुढे ढकला. धडा संपल्यावर फार तर एखादा ठेवा, तोही पर्यायांचा नको. "या धड्यातलं काय आठवतं ते दोन-तीन ओळींत लिहा" आणि खाली कोरी चौकट. बाकीचे दुसऱ्या दिवशी, मग चार-सहा दिवसांनी.

आता पर्यायांविषयी, कारण माझा जन्म त्यात गेलाय. चुकीचा पर्याय म्हणजे जागा भरायचा मजकूर असं बहुतेकांना वाटतं. चंद्राच्या कला का दिसतात, याला 'चंद्र दमतो म्हणून' हा पर्याय ठेवलात तर तो कुणीच निवडणार नाही. 'पृथ्वीची सावली पडते म्हणून' ठेवा, भलेभले अडकतील, कारण तो गैरसमज मोठ्यांच्याही डोक्यात असतो. सावलीने ग्रहण होतं. कला दिसतात त्या चंद्राचा उजळलेला अर्धा भाग आपल्याला निरनिराळ्या कोनांतून दिसतो म्हणून. चुकलेल्याला हे त्याच क्षणी सांगायला मिळणं, यासाठीच तो पर्याय लिहायचा.

असे जिवंत चुकीचे पर्याय एका प्रश्नाला दोन सापडले तरी पुष्कळ. चौथा पर्याय सहसा भरतीचा असतो. रॉड्रिग्झ यांनी २००५ साली ऐंशी वर्षांचं संशोधन एकत्र तपासून तीन पर्याय पुरतात असाच निष्कर्ष काढला होता. 'वरीलपैकी सर्व' हद्दपार करा. आणि बरोबर उत्तर सगळ्यांत लांब होऊ देऊ नका. प्रश्न काढणारा बरोबर उत्तर बिनचूक करायच्या नादात ते लांबवत नेतो, आणि पोरांना धडा न वाचता ते कळतं.

कागदी_होडी

मी हौसेने वाचणाऱ्यांपैकी. माझी विनंती एवढीच की मला विचारल्याशिवाय विचारू नका. कादंबरीचं प्रकरण रंगात येऊन संपलं, आणि पुढचं उघडायच्या आत 'नायकाच्या बहिणीचं नाव काय?' असा प्रश्न आला. ॲप बंद केलं, परत उघडलं नाही. (हे दुसऱ्या एका ॲपबद्दल, तुमच्या नाही.)

अभ्यासाचं पुस्तक वेगळं, वाचायचं पुस्तक वेगळं. पुस्तक उघडतानाच 'यातून मला काही लक्षात ठेवायचंय' अशी खूण करायची सोय द्या. नसेल केली तर गप्प राहा.

गणिती_भूत

खडूफळांशी सहमत, फक्त तीन पर्यायांपाशी जरा थांबा. अर्धविराम यांचा बिल्ला पाचापैकी चार बरोबर आल्यावर मिळतो. चार पर्याय असतील तर डोळे मिटून टिचक्या मारणाऱ्याला तो मिळण्याची शक्यता १०२४ पैकी १६, म्हणजे चौसष्टात एक. तीन पर्याय केले की २४३ पैकी ११, साधारण बाविसात एक. आणि 'पुन्हा प्रयत्न करा' कितीही वेळा दाबता येत असेल तर हा हिशोबच निकालात निघतो, चिकाटीवाल्याला बिल्ला मिळतोच.

दुसरी गोष्ट. प्रत्येक प्रश्न किती जणांना आला आणि तो हुशार-कच्चे वेगळे करतो का, हे मोजा. वरच्या २७ टक्क्यांत किती जणांना आला वजा खालच्या २७ टक्क्यांत किती जणांना, हा भेदनिर्देशांक. शून्याच्या आसपास असेल तर प्रश्न फेकून द्या.

खडूफळा

भूतसाहेब, बिल्लाच काढून टाकला तर बाविसात एकचं भय कुणाला?

भेदनिर्देशांक परीक्षेसाठी. तिथे माणसं वेगळी करायची असतात. इथे तोच माणूस महिन्यापूर्वीच्या स्वतःपेक्षा वेगळा व्हायला हवाय. प्रश्न सगळ्यांना आला म्हणून फेकायचा? पहिल्या दिवशी आलेला तोच प्रश्न विसाव्या दिवशी आठवणं ही तर कमाई.

गणिती_भूत

मान्य, निम्मं. पण निर्देशांक उणे आला, म्हणजे जाणत्यांना चुकतोय आणि नवख्यांना येतोय, तर प्रश्नातच खोट आहे किंवा उत्तरसूची चुकलीय. तेवढ्यासाठी तरी मोजा. वाचकाला दाखवू नका, स्वतःकडे ठेवा.

आणि उत्तराखाली दोन बटणं द्या: 'खात्री आहे' आणि 'अंदाज'. अंदाजाने बरोबर आलेला प्रश्न न आल्यासारखाच धरा, लवकर परत विचारा. खात्रीने चुकलेला तर सोनं. बटरफील्ड आणि मेटकाफ यांनी २००१ साली दाखवलं होतं की ठाम खात्रीने केलेली चूक, बरोबर उत्तर दाखवल्यावर, डळमळीत चुकीपेक्षा चांगली दुरुस्त होते. चपराक बसते ना!

रातकिडा

मी गेली काही वर्षं रोज अंकी (प्रश्नांच्या पत्त्यांनी उजळणी करून घेणारं ॲप) वापरतो, म्हणून 'कधी' या प्रश्नावर बोलतो.

सोपा मार्ग लाइटनर यांच्या पेट्यांचा, १९७२चा. एका पत्त्यावर (कार्डावर) एक प्रश्न. उत्तर आलं की पत्ता पुढच्या पेटीत, चुकलं की पहिल्या पेटीत परत. पुढची पेटी उशिरा उघडायची. कागदाच्या पत्त्यांवर चालायचं, तुमच्या ॲपमध्ये दोन दिवसांत बसेल.

त्याच्या पुढचा मार्ग एसएम-२, उजळणीचे दिवस ठरवायचं सूत्र, वोझ्नियाक यांचं, १९८७चं. पहिली उजळणी १ दिवसाने, दुसरी ६ दिवसांनी, नंतर आधीचं अंतर गुणिले एक गुणक. गुणक २.५पासून सुरू होतो, अडखळलात की घसरतो, पण १.३च्या खाली जात नाही. सगळं नीट येत गेलं तर दिवस होतात १, ६, १५, ३८. अंकी याच घराण्यातलं. २०२३पासून त्यात एफएसआरएस नावाची नवी पद्धतही आलीय, ती तुमच्या स्वतःच्या विसरण्याच्या नोंदींवरून अंतर ठरवते. सुरुवातीला पेट्याच घ्या.

पण खरी मेख गणितात नाही, थकबाकीत आहे. मी एकदा दहा दिवस आजारी होतो. परत उघडलं तर शेकडो प्रश्न तुंबलेले. तो आकडा बघून अजून आठवडाभर उघडलंच नाही, आणि आकडा फुगत गेला. तुम्ही असं करा: दिवसाला वीसच्या वर दाखवूच नका. बाकीचे गुपचूप मागे सरकवा. माणूस परत आलाय हेच खूप, त्याला वहीखाते दाखवू नका.

आणि ती 'सलग इतके दिवस' वाली ज्योत नको. मी ज्योत राखायला रात्री बारा वाजायला पाच कमी असताना डोळे मिटत उत्तरं दाबलेली आहेत.

उपटसुंभ

रातकिडा, नाव सार्थ केलंत.

पाटीपेन्सिल

सगळे पर्यायांवरच बोलताहेत. टंकून उत्तर द्यायचे प्रश्न करणार असाल तर मराठीत काय वाढून ठेवलंय ते सांगतो, मी त्यात होरपळलोय.

वाचक 'संबंध' लिहितो, तुमच्याकडे 'सम्बन्ध' साठवलंय. वाचक इंग्रजी आकड्यांत साल लिहितो, तुमच्याकडे देवनागरी. हे सोपे. आता 'दऱ्या' घ्या. एक कळफलक 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरतो. दुसरा साधा 'र', हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला दोन वेगळे शब्द वाटतात, आणि युनिकोडचं (संगणकातल्या अक्षरांच्या मानकाचं) नेहमीचं एनएफसी प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची रीत, लावूनही ते एक होत नाहीत. मी काय केलं? न दिसणारी चिन्हं सरसकट पुसली. त्यामुळे 'दऱ्या'चं झालं 'दर्या'. दरीतला माणूस थेट समुद्रात! तेव्हा आधी र आणि जोडचिन्हाची ती जोडी ओळखून तिचा 'ऱ' करा, मगच बाकीची झाडलोट.

ऱ्हस्व-दीर्घाचं एकच एक धोरण ठेवू नका. जीवशास्त्रात 'पेशि' लिहिणाऱ्याला पेशी कळलेली आहे. उत्तर स्वीकारा आणि शेजारी बरोबर रूप दाखवा. भाषेच्या धड्यात मात्र 'दिन' आणि 'दीन' यांत दिवस आणि गरीब एवढा फरक आहे. म्हणून 'शुद्धलेखन तपासायचं का' ही सोय प्रश्नागणिक हवी.

खरं सांगू का, दोन शब्दांपेक्षा मोठं उत्तर असेल तर तपासूच नका. वाचकाला लिहू द्या, मग नमुना उत्तर शेजारी दाखवा आणि त्यालाच ठरवू द्या: जमलं, अर्धवट, नाही. स्वतःला फसवून त्याला काय मिळणार, विशेषतः बिल्ला काढल्यावर?

अजून एक. प्रत्येक प्रश्न पुस्तकातल्या वाक्याला बांधलेला हवा. चुकलं की 'धडा पुन्हा वाचा' म्हणणं म्हणजे हात झटकणं. थेट त्या परिच्छेदावर न्या. पान क्रमांक साठवू नका, अक्षर मोठं केलं की पानं बदलतात. नेमके शब्द, त्यांच्या आधीचे थोडे आणि नंतरचे थोडे असे साठवा. वेब ॲनोटेशनच्या (वेबवरच्या मजकुराला टिपा जोडण्याच्या) २०१७च्या शिफारशीत, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेच्या, हीच पद्धत आहे. आवृत्ती थोडी बदलली तरी जागा सापडते.

किलबिल

मी स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) वाचते. चार गोष्टी, घाईत.

'जोड्या लावा' मध्ये ओढून सोडायला लावू नका, निदान निवडून लावायचा दुसरा रस्ता ठेवा. डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये (अपंगांनाही वेब वापरता यावं यासाठीच्या नियमावलीत) ओढण्याला पर्याय देण्याची अट आलेलीच आहे. 'रिकाम्या जागा भरा' मधली लांब रेघ माझ्या कानात एक तर 'अधोरेषा अधोरेषा अधोरेषा' अशी येते किंवा येतच नाही, आणि वाक्य अखंड वाटतं. तिथे 'गाळलेली जागा' असं नाव लपवून ठेवा. बरोबर हिरवं आणि चूक लाल, एवढ्यावर भागवू नका. शब्दात लिहा, रंग न ओळखता येणारे डोळसही असतात. आणि घड्याळ लावणार असाल तर बंद करायची सोय द्या. मला चार पर्याय ऐकायलाच तुमच्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

पाटीपेन्सिल

किलबिलताई, रेघेचं हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आजच बघतो आमच्याकडे.

पुस्तकवाळवी

हे सगळे प्रश्न लिहिणार कोण? एआयला धडा द्या, मिनिटात पन्नास प्रश्न काढून देईल.

खडूफळा

काढून देईल, मी बघितलेत. वाक्य उचलून त्यातलं एक नाम गाळायचं, की झाला प्रश्न. आशयाऐवजी कंसातलं साल विचारलेलं. आणि दर काही प्रश्नांमागे एक असा की ज्याचे दोन पर्याय बरोबर आहेत. कच्चा खर्डा म्हणून चालेल. माणसाने वाचून पसंत केल्याशिवाय वाचकापुढे ठेवू नका. प्रत्येक प्रश्नाखाली 'या प्रश्नात चूक आहे' हे बटण हवंच, एआय असो वा मी. माझेही चुकतात.

रातकिडा

आणि वाचकाला स्वतःचे करू द्या की. तो खुणा करतोच आहे. नुसत्या खुणा करण्याचा फारसा उपयोग नाही हे डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धती तपासून लिहिलंय. त्यांत वरचा क्रमांक स्वतःची चाचणी आणि अंतराने उजळणी यांचा. तर खूण केलेल्या ओळीवर बोट दाबून धरलं की 'याचा प्रश्न करा'. एका प्रश्नात एकच गोष्ट. 'हृदयाचे चार कप्पे आणि त्यांची कामं' असा प्रश्न केला की तीन आठवतात, एक नाही, मग ते बरोबर धरायचं की चूक?

अर्धविराम

सगळ्यांचे मनापासून आभार. एक शंका. धडा सुरू होण्याआधी दोन प्रश्न ठेवावेत असं आमच्यातला एक जण म्हणतोय. न वाचलेल्याबद्दल विचारून काय साधणार? लोक चिडतील.

खडूफळा

तुमचा मित्र बरोबर आहे. रिचलंड, कॉर्नेल आणि काओ यांचं २००९चं काम बघा. वाचण्याआधी केलेले प्रयत्न चुकले तरी वाचल्यानंतर त्या गोष्टी जास्त लक्षात राहिल्या. डोकं आधी अडखळतं आणि मग उत्तर शोधत वाचतं. चिडू नये म्हणून वर स्पष्ट लिहा, 'अजून वाचलेलं नाही, अंदाज करा', आणि त्याची नोंद कुठेच ठेवू नका. मात्र दोनच. आणि एवढ्याच दोन गोष्टी महत्त्वाच्या असं वाटून बाकीचा धडा चाळला जातो, म्हणून ते धड्याच्या गाभ्यावरचे हवेत.

अर्धविराम

ठरवलंय ते असं. बिल्ला, गुण आणि ज्योत गेली. अभ्यासाची खूण केलेल्या पुस्तकातच प्रश्न येणार. सुरुवातीला दोन अंदाजाचे, शेवटी कोरी चौकट, बाकीचे लाइटनरच्या पेट्यांतून, दिवसाला वीस. पर्यायांचा क्रम दर वेळी बदलेल. (यात एक फजिती झाली. आमच्या स्पष्टीकरणांत 'पर्याय ब चूक, कारण' असं लिहिलेलं होतं, आणि ब आता तिसऱ्या जागी गेलेला. सगळी स्पष्टीकरणं पुन्हा लिहितोय.) टंकायच्या उत्तरांचं पाटीपेन्सिल यांच्याकडून शिकून मग बघू.

नव्या पद्धतीने केलेला पहिला प्रश्न डकवतो, चिरफाड करा.

पृथ्वीवर ऋतू का बदलतात?
अ) पृथ्वी वर्षभरात सूर्याच्या जवळ-लांब जाते
ब) पृथ्वीचा अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, त्यामुळे वर्षभरात कधी उत्तर तर कधी दक्षिण गोलार्धाला ऊन जास्त सरळ आणि जास्त वेळ मिळतं
क) सूर्याची उष्णता वर्षभरात कमी-जास्त होते

'जवळ-लांब' निवडणाऱ्याला दिसेल: "पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते. तेव्हा उत्तर गोलार्धात कोणता ऋतू असतो?" आणि खाली त्या परिच्छेदाचा दुवा.

रातकिडा

चुकीवर उलट प्रश्न विचारलाय ते आवडलं. पण त्याच्यानंतर सरळ उत्तरही दाखवा, नाहीतर लोक तिथेच लटकतील.

उपटसुंभ

मी इथला गंमत करणारा असलो तरी धागा नीट वाचलाय. बरोबर उत्तर बाकी दोघांच्या तिपटीहून लांब आहे. मास्तर बघायच्या आत बदला.

खडूफळा

बघितलं.

अर्धविराम

बदललं. ब) पृथ्वीचा अक्ष कललेला आहे. उरलेलं स्पष्टीकरणात ढकललं.

उपटसुंभ

आता सगळ्यांत आखूड झालं.